पाचातला एकच भाऊ टोकन मागतोय, बाकीचे "मागाहून सही करतील"

डिचोलीहून एका वाचकाचं पत्र आलंय, नाव छापू नका म्हणतो. थोडक्यात असं:

"ताई, नमस्कार. वय २७, वेर्ण्याला एका फार्मा कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे, हातात २१ हजार येतात. माझा मित्र आसगाव-शिवोली भागात रिअल इस्टेट करतो, तो म्हणतो एका डीलमध्ये तुझ्या वर्षाच्या पगाराएवढे सुटतात. गेल्या वर्षी मी शेजाऱ्यांचा प्लॉट विकून दिला पण शेवटी कमिशनच्या नावाने पेढ्यांचा बॉक्स मिळाला. आता पेडण्यात ६०० मीटरचा एक प्लॉट हाताशी आहे, ९० लाख सांगतायत, दिल्लीची पार्टी तयार आहे. मालक पाच भावंडं, त्यातला मधला भाऊ सगळं बघतो, तो म्हणतो बाकीचे मागाहून सही करतील, आधी ५ लाख टोकन कॅशमध्ये तुझ्या हातून आणून दे. नोकरी सोडून यातच उतरू का? रेराचं लायसन लागतं का? पीएफ काढून सेकंडहँड कार घ्यायचा विचार आहे, पार्टीला स्कूटरवर कसं फिरवणार. आणि आई म्हणते दलाली आपल्या घरात कोणी केली नाही, तू पण करू नको."

अरे, आधी ते ५ लाखांचं बोलूया कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, हे थांबणार नाही. ते पैसे तू हातात घेऊ नकोस. अर्धा तास सुद्धा नको, "फक्त पोचवायचेत" म्हणून सुद्धा नको. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम कॅशमध्ये घ्यायला इन्कम टॅक्सच्या कायद्यात बंदी आहे आणि दंड जेवढी रक्कम घेतली तेवढाच होऊ शकतो. हा झाला कायदा. पण माझी खरी भीती वेगळी आहे. उद्या एक बहीण म्हणाली की मला विकायचंच नाही, तर दिल्लीवाला पैसे कोणाकडे मागणार? मधल्या भावाला तो एकदाच भेटलाय, तुला मात्र रोज फोन करतो. भाऊ म्हणणार मला ५ कुठे मिळाले, ४ मिळाले, बाकीचं त्या एजंटाला विचारा. आणि तुझ्याकडे कागद काय? काही नाही. डिचोलीत तुझं घर आहे, आई-वडील आहेत, लोक घरी येतील. टोकन द्यायचंच असेल तर चेकने किंवा बँक ट्रान्सफरने, पार्टीच्या खात्यातून थेट मालकांच्या खात्यात, आणि लेखी पावतीवर "इतक्या दिवसांत सगळ्या सहमालकांच्या सह्या आल्या नाहीत तर पूर्ण रक्कम परत" असं वाक्य असलं पाहिजे. भाऊ त्याला तयार नसेल तर तुला तुझं उत्तर तिथेच मिळालं.

आता त्या पाच भावंडांकडे येऊ. तू पाच सह्या मोजतोयस ना? गोव्यात त्या पाच नाहीत. आमच्याकडे पोर्तुगीज काळातला दिवाणी कायदा अजून चालू आहे, १८६७ चा, तो हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना लागू, आणि लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, म्हणून जागा विकताना दोघांची सही लागते. म्हणजे पाच भावंडं लग्न झालेली असली तर दहा सह्या. त्यात एक भाऊ वारलेला निघाला तर त्याची बायको, त्याची मुलं, मुलांच्या बायका किंवा नवरे. त्यातली एक भाची दुबईत, एक जावई इंग्लंडात स्विंडनला, आणि एका सुनेचं घरच्यांशी बोलणं बंद. मी म्हणते ते अतिशयोक्ती वाटत असेल तर म्हापशाच्या कुठल्याही वकिलाला विचार, तो तुला याहून लांब यादी सांगेल. परदेशातला माणूस येऊ शकत नसेल तर पॉवर ऑफ अॅटर्नी लागते, ती तिथे भारतीय वकिलातीत किंवा नोटरीकडे करून इथे आणायची आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत तिच्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची, हे लोक विसरतात आणि मग सब-रजिस्ट्रारकडे उभं राहिल्यावर रडतात.

आणि त्याच्याही आधीचा प्रश्न, ही जागा या भावंडांच्या नावावर आहे का अजून आजोबांच्या? आजोबा किंवा वडील वारले तर इथे वारस ठरवायची रीत ठरलेली आहे. स्पेशल नोटरीपुढे वारसाचं डीड होतं, आणि वाटणी करायची तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वारसांत वाटप. यासाठी आता २०१२ चा गोवा सक्सेशन कायदा आहे, तो २०१६ च्या शेवटी अमलात आला. इन्व्हेंटरी झालेली असेल तर कोणत्या भावंडाला काय आलं ते कागदावर स्वच्छ दिसतं आणि तुझं अर्धं काम झालं. नसेल झाली तर मधल्या भावाला सांग, आधी ती कर, मग पार्टी आणतो. तो चिडेल. चिडू दे. आणि तो म्हणाला की मी फक्त माझा हिस्सा विकतो, तरी जपून, कारण हिस्सा बाहेरच्याला विकताना बाकीच्या सहमालकांना तो आधी घेण्याचा हक्क असतो, त्यांना न विचारता विकला तर ते कोर्टात जाऊ शकतात, आणि तुझी पार्टी दिल्लीहून इथे तारखांना फेऱ्या मारत बसेल.

तुला भावाने "एक-चौदा" दाखवलाच असेल, त्यावर नाव आहे म्हणून तो मालक असं तो म्हणाला असेल. फॉर्म एक-चौदाचा उतारा म्हणजे सर्व्हेची नोंद, मालकीचा दाखला नव्हे. शहरी भागात त्याच्या जागी फॉर्म डी असतो, चलता नंबर आणि पी.टी. शीट नंबर घेऊन काढायचा. नोंद महत्त्वाची आहेच, पण त्यात वरचं नाव बघून थांबू नकोस, खाली कुळाचा रकाना बघ, "इतर हक्क" बघ. तिथे कोणाचं नाव असेल तर ती जागा तुला वाटते तशी मोकळी नाही. मग मालकीसाठी जुनी सेल डीड, गिफ्ट डीड, इन्व्हेंटरीचा आदेश, आणि जुन्या जागा असतील तर पोर्तुगीज काळातले डिस्क्रिप्शन आणि इन्स्क्रिप्शन नंबर, मॅट्रिज नंबर, हे सगळं वकील बघतो. सब-रजिस्ट्रारकडून निल एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढायचं म्हणजे बोजा आहे का ते कळतं. तू वकील नाहीस, वकिलाचं काम करायला जाऊ नकोस. पण कुठला कागद मागायचा आणि तो नाही म्हटल्यावर काय समजायचं एवढं तुला आलंच पाहिजे, नाहीतर मग तू फक्त गेट उघडून प्लॉट दाखवणारा.

कूळ आणि मुंडकार, हे दोन शब्द दिल्लीच्या पार्टीला कळत नाहीत, तुला कळलेच पाहिजेत. शेतजमिनीवर कूळ असेल तर १९६४ चा कुळ कायदा, आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने तर कसणारं कूळ मालकच झालं असं धरतात. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर बांधून राहणारा मुंडकार असेल तर १९७५ चा मुंडकार कायदा, त्याला काढता येत नाही, उलट घर आणि आजूबाजूची जागा विकत घ्यायचा हक्क आहे, पंचायत भागात ३०० चौरस मीटरपर्यंत, पालिका भागात २०० पर्यंत. आता तुझ्या ६०० मीटरच्या प्लॉटच्या कोपऱ्यात जर एक जुनं कौलारू घर असेल आणि भाऊ म्हणत असेल "ती आमची कामवाली होती, जाईल ती", तर लक्षात घे की ती मुंडकार असू शकते, मग ती जाणार नाही आणि तिने जाऊही नये. अशा म्हातारीला उठवण्यासाठी तुला मध्ये घालतील, "तू तिच्याशी बोल, तू गावचा आहेस" म्हणतील. ते काम करू नकोस. पैशासाठी तर नकोच नको.

म्हणून प्लॉट बघायला पहिल्यांदा जाशील तेव्हा पार्टीला घेऊन जाऊ नकोस. एकटा जा, सकाळी जा, शेजाऱ्यांशी बोल. वाट कुठून येते ते विचार, कारण नकाशावर रस्ता दिसतो आणि प्रत्यक्षात ती दुसऱ्याच्या भाटातून, म्हणजे बागायतीतून, जाणारी पायवाट निघते, मग शेजारी दगड टाकून बंद करतो. पावसात पाणी कुठे साचतं ते विचार. विहीर कोणाची ते विचार. पंचायतीच्या पंचाला भेट. लोक सांगतात रे, प्रामाणिकपणे विचारलं तर गावात सगळं सांगतात, कोणाचं कोणाशी भांडण आहे, कोणी आधीच टोकन घेतलंय, सगळं. एका बाईंना बार्देशात जुनं घर घ्यायचं होतं, कागद वकिलाने बघून दिले होते, सगळं ठीक. त्यांचा एजंट शेजारच्या म्हाताऱ्याकडे पाणी प्यायला थांबला आणि म्हातारा सहज म्हणाला, हे घर विकणारा हा कोण, ह्या घरचा मुलगा तर पोर्तुगालात आहे आणि दर डिसेंबरला येतो. व्यवहार तिथेच थांबला. २०२२ मध्ये सरकारला जमीन बळकावण्याच्या केसेससाठी एसआयटी, म्हणजे पोलिसांचं विशेष तपास पथक, नेमावी लागली, मग निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमला, ते याचसाठी: मालक परदेशात, घर बंद, आणि कोणीतरी जुन्या तारखेचे बनावट कागद करून जागा विकून मोकळा. या सगळ्या व्यवहारांत मध्ये कोणीतरी एजंट होताच ना? काहींना खरंच माहीत नसेल. पण पोलिसांसमोर "मला माहीत नव्हतं" हे किती जड जातं ते विचार करून बघ.

झोनचं पण बघ. टाऊन प्लॅनिंगच्या ऑफिसमधून झोनिंग सर्टिफिकेट काढ, सेटलमेंट (वस्तीची) आहे का ऑर्चर्ड (बागायत) का शेती का अजून काही. बांधायचं असेल तर कन्व्हर्जनची सनद, म्हणजे जमिनीचा वापर बदलायची परवानगी, लागते. "आत्ता ऑर्चर्ड आहे पण सहा महिन्यांत सेटलमेंट करून देतो" असं सांगणारे पेडण्यात पावलोपावली भेटतील, विशेषतः मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर तर प्रत्येक काजूच्या डोंगराला भाव आला. ते वाक्य तू तुझ्या तोंडून पार्टीला कधीच सांगायचं नाही. टाऊन प्लॅनिंग कायद्याच्या १७(२) खाली झोन "दुरुस्त" करून घेण्याचा जो सपाटा लागला होता त्याचे नियम मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले, आणि त्या भरवशावर ज्यांनी जागा विकल्या होत्या त्यांचे फोन मग लागत नव्हते. भातशेती तर २०२३ च्या कायद्याने शेतकरी नसलेल्याला विकताच येत नाही, तिथे चर्चाच नको. मोरजी, मांद्रे, हरमल अशा किनाऱ्याच्या गावात सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगत बांधकामावर निर्बंध असलेला पट्टा, बघायचं, भरती रेषेपासून २०० मीटरच्या पट्ट्यात काय होतं आणि काय होत नाही ते, मोरजीला तर वर कासवांची अंडी घालायची जागा आहे. नदीच्या काठाला पण सीआरझेड लागतो, हे बरेच जण विसरतात. आणि पार्टी जर परदेशी पासपोर्टवाली असेल, आपलाच गोंयकार पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) कार्डवाला, तर त्याला घर-फ्लॅट घेता येतो, शेतजमीन, बागायत, फार्महाऊस घेता येत नाही.

लायसनचं विचारलंस. २०१६ चा रेरा कायदा, म्हणजे बिल्डर आणि एजंटांवर नियंत्रण ठेवणारा, त्याचं कलम ९ असं म्हणतं की रेरात नोंदलेल्या प्रकल्पातला प्लॉट, फ्लॅट, इमारत बिल्डरच्या वतीने विकायला मदत करणाऱ्या एजंटाने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरचे, ८ पेक्षा जास्त फ्लॅटचे प्रकल्प नोंदवावेच लागतात. म्हणजे तू नव्या बिल्डिंगमधले फ्लॅट विकणार असशील तर नोंदणी पाहिजेच, नाहीतर दिवसाला १० हजार दंड, तो त्या फ्लॅटच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुझा हा पेडण्याचा प्लॉट, घरच्या माणसांनी विकलेला, तो यात बसत नाही. तरी माझं मत, नोंदणी करूनच घे. मुख्य म्हणजे तुझा नंबर प्रत्येक व्यवहारात लिहावा लागतो, हिशोबाची कागदपत्रं ठेवावी लागतात, खोटी आश्वासनं दिली तर नोंदणी रद्द होते, आणि ही शिस्त सुरुवातीलाच लागली तर बरी. गोवा रेराच्या साईटवर ऑनलाइन अर्ज होतो. त्याच साईटवर एखादा प्रकल्प खरंच नोंदलेला आहे का, ताबा कधी द्यायचा म्हणून बिल्डरने लिहून दिलंय, हे पण दिसतं, ते बघायची सवय लाव, पार्टी विचारण्याआधी. आणि पार्टीला सांगत जा की रजिस्टर अग्रीमेंट झाल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे मागू शकत नाही. बिल्डर तुझ्यावर नाराज होईल. होऊ दे, पुढचा फ्लॅट ती पार्टी तुलाच विचारून घेईल.

आता पेढ्यांचा बॉक्स. वाईट वाटलं वाचून, खरंच, पण तुझ्या शेजाऱ्यांची चूक अर्धीच आहे. तू आधी बोललाच नाहीस. ओळखीत पैशाचं बोलायला आपल्याला लाज वाटते, मग काम झाल्यावर तोंड उघडायला आणखी लाज. गोव्यात साधारण २ टक्के चालतात, बऱ्याचदा दोन्ही बाजूंकडून, भाड्याच्या घरात एक महिन्याचं भाडं. सरकारने ठरवलेला दर नाही, बोलून ठरतो, म्हणून लिहून घ्यावा लागतो. एक पानाचं पत्र पुरे: जागा कुठली, सर्व्हे नंबर, टक्के किती, कधी द्यायचे (सेल डीडच्या दिवशी, चेकने), आणि मी दाखवलेल्या पार्टीने पुढे अमुक महिन्यांत थेट मालकाकडून घेतली तरी कमिशन लागू. सही घे. सही द्यायला कां-कूं करत असेल तर निदान व्हॉट्सअॅपवर लिही, "काका, आज ठरल्याप्रमाणे २ टक्के, उद्या अमुक पार्टीला घेऊन येतो" आणि त्यांचा "ओके" आल्याशिवाय पार्टीला नेऊ नकोस. हा "ओके" बऱ्याच वादात कामाला येतो. नातेवाईक असेल तर फुकट करायचं असेल तर खुशाल फुकट कर, पण ते आधी ठरवून कर, नंतर मनात ठेवू नकोस.

आणि तुझ्या मित्राचं गणित घे. ९० लाखांवर २ टक्के म्हणजे १ लाख ८० हजार, बरोबर, ऐकायला छान. पण दिल्लीच्या पार्टीला दिल्लीचाच एक एजंट आहे असणार, त्याला अर्धे. राहिले ९० हजार. भावाला पार्टी सुचवणारा गावचा एक माणूस आहे असणार, त्याला थोडे. कंपनीने किंवा मोठ्या पार्टीने दिले तर २ टक्के टीडीएस कापून देतील, तो रिटर्न भरलास की परत किंवा अॅडजस्ट होतो, म्हणून रिटर्न भरायचा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली तर १८ टक्के जीएसटी. आणि पैसे कधी? आज जागा दाखवली, सह्या, इन्व्हेंटरी, सनद, बँक लोन, सगळं जमून सेल डीड व्हायला कमीतकमी सहा महिने धर, कधी वर्ष. मधल्या काळात पेट्रोल तुझं, फोन तुझा, पार्टीला शहाळं तुझं. आणि पाच पार्ट्यांतल्या चार नुसत्या फिरून जातात, सुट्टीत गोव्यात आल्यावर लोकांना घर बघायची हौस येते, विमानात बसली की उतरते. मित्र खोटं बोलतोय असं नाही, तो झालेली डील सांगतो, न झालेली सांगत नाही.

म्हणून भाड्याच्या कामापासून सुरुवात कर. तुला कमी वाटेल, २५ हजारांच्या फ्लॅटवर २५ हजार, पण पंधरा दिवसांत हातात येतात, आणि दर अकरा महिन्यांनी तोच मालक परत फोन करतो. पर्वरी, म्हापसा, पणजी, नोकरीवाले भाडेकरू कायम शोधत असतात. भाडेकरूची पोलिसांकडची पडताळणी करून द्यायची, ती बंधनकारक आहे, मालक कंटाळा करतात, तू स्वतः फॉर्म भरून दे, मालक तुला सोडणार नाही. विदेशी भाडेकरू असेल तर तो राहायला आल्याची माहिती सरकारला २४ तासांत कळवायची. आणि फोटो खरे टाक. सांडपाण्याचा वास येतो तर येतो म्हणून सांग, समोर बांधकाम चालू आहे तर सांग, "बीच ५ मिनिटांवर" लिहायचं असेल तर एकदा स्वतः स्कूटरवर ट्रॅफिकमध्ये जाऊन घड्याळ लाव. फ्लॅट विकताना कार्पेट एरिया सांग, सुपर बिल्ट-अप सांगून माणसाला भुलवू नकोस, रेरात हिशोब कार्पेटचाच आहे. तू आधी दोष सांगितलास की माणूस तुझ्यासमोर मोकळा बोलायला लागतो, त्याचं खरं बजेट किती, लोन मंजूर होईल का, बायकोला जागा आवडली का, आणि या गोष्टी कळल्या नाहीत तर तू आंधळ्यासारखा प्लॉट दाखवत फिरशील.

कार नको. स्कूटर पुरे. पार्टी जागा घ्यायला येते, गाडी बघायला नाही, आणि दिल्लीच्या पार्टीने स्वतःची भाड्याची गाडी आणलेलीच असते, तू पुढे स्कूटर ठेव, ते मागून येतील. पीएफला हात लावू नकोस, काही झालं तरी. या धंद्यात सलग तीन-चार महिने एक पैसा न येणं हे नेहमीचंच आहे, पावसात तर जून ते ऑगस्ट साईटवर चिखल, चतुर्थी होईपर्यंत कोणी निर्णय घेत नाही, आणि खिशात पैसा नसला की माणूस नको त्या जागेला हो म्हणतो. चांगली मुलं वाईट जागा विकायला लागतात ती बहुतेक अशाच महिन्यांत, मी पाहिलंय, लबाडीने नाही तर हप्त्याच्या काळजीने. हप्ताच नसेल तर तू नाही म्हणू शकतोस.

आईचं. तिला काय खुपतंय ते नीट विचार तिला. तिच्या पिढीने दलाल पाहिलेत ते कमी किमतीत विधवेची जागा घेऊन दुप्पट किमतीला विकणारे, दोन्हीकडे वेगळा भाव सांगून मधले पैसे खाणारे. तिची भीती खोटी नाही. तिला तोंडाने पटवू नकोस, मालकाला आणि पार्टीला एकच भाव सांगतोस हे तिला दिसू दे. आणि दुसरी गोष्ट, ती कदाचित बोलली नसेल पण गावात बोलतात: गोव्याची जागा बाहेरच्यांना विकून संपवतायत ते हेच एजंट. ग्रामसभेत मोठ्या प्रकल्पांवर लोक उठून भांडतात ते ऐकलं असशील. मला पण हे खुपतं, लपवत नाही. माझं म्हणणं एवढंच, शेत विकायला मदत करू नकोस, डोंगर कापून होणाऱ्या व्हिलांचे फ्लायर शेअर करू नकोस, आणि गावचं जोडपं ३५ लाखांत दोन खोल्या शोधत आलं तर त्याला दिल्लीवाल्याएवढाच वेळ दे. आपल्या मुलांना आपल्याच गावात भाड्याने घर मिळत नाही, मालक सीझनच्या भाड्याची वाट बघत बंद ठेवतात. अशा मालकाशी बोलून एखाद्या घराचं कुलूप वर्षभरासाठी उघडलंस तरी ते छोटं काम नाही, आणि त्यात तुझं एक महिन्याचं भाडं आहेच.

नोकरीचं माझं मत स्पष्ट आहे, आत्ता सोडू नको. शनिवार-रविवारी आणि शिफ्टनंतर कर, लोक जागा बघायला रविवारीच येतात. तेवढ्यात रेराची नोंदणी कर, म्हापशाला किंवा डिचोलीला एक चांगला सिव्हिल वकील पकड जो तुला टायटल सर्च, म्हणजे मालकीचे कागद तपासणं, समजावून सांगेल, त्याच्या ऑफिसात एखादा शनिवार बसून फाइल्स कशा वाचतात ते बघ, तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे आणि सर्व्हेच्या ऑफिसात कोणत्या खिडकीवर काय मिळतं ते शिकून घे. मित्राबरोबर काम करायचं असेल तर त्याचे आणि तुझे टक्के पण लिहून ठेवा, मैत्री त्यानेच टिकते. नऊ-दहा महिने भाड्याचं येणारं उत्पन्न तुझ्या पगाराच्या बरोबरीला आलं, आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला, की मग मला परत लिही, तेव्हा सोडण्याचं बोलू.

पेडण्याच्या प्लॉटचं या आठवड्यात एवढं कर: मधल्या भावाकडून बाकीच्या चौघांचे नंबर माग, त्यांच्याशी तू स्वतः बोल, विकायचंय का आणि कितीला विकायचंय ते प्रत्येकाला वेगळं विचार, त्यांच्या नवरा-बायकोंची नावं वहीत लिहून घे. दिल्लीच्या पार्टीला मेसेज टाक की सगळ्या मालकांशी बोलणं होईपर्यंत टोकन देऊ नका, तुमचा वकील बघू दे. नंबर द्यायला भाऊ टाळाटाळ करू लागला तर तो प्लॉट सोडून दे आणि पार्टीला का सोडला तेही सांग.